न मारलेली गाठ

"परत?"

"हो."

"आता कुठला?"

"पाठीचा. मधला."

"तुझ्या हातचा हुक?" वहिनीने कात्री खाली ठेवली. "अगं, लोकांचे कपडे विरून चिंध्या होतात, तरी तुझी शिवण जागेवर असते. आणि या नाटकवाल्यांकडेच बरी सुटते!"

"ती बाई श्वास फार घेते."

"श्वास मीही घेते."

"ती गाताना घेते. आलेच मी अर्ध्या तासात."

"तुझा अर्धा तास हल्ली तीन तासांचा असतो," वहिनी म्हणाली. तोवर ही, तिची नणंद, सुयांची डबी घेऊन दुकानाबाहेर पडली होती.

हिला सगळे बडबडी म्हणायचे, कारण ही बोलायचीच नाही. वय बेचाळीस. भावाचं कपडे दुरुस्तीचं दुकान, पुढे भाऊ आणि वहिनी, मागच्या खोलीत ही आणि मशीन. माप घ्यायला पुढे यावंच लागलं, तर चार टाचण्या ओठांत धरून यायची. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कोण काय विचारणार? भाऊ गिऱ्हाइकाला सांगायचा, "बोलत नाही, पण हात बघा." गिऱ्हाईक हात बघायचं आणि गप्प बसायचं.

गल्लीच्या टोकाला नाटकगृह होतं. तिथे चार महिन्यांसाठी एक गाण्यांचं नाटक आलं. मासळी विकणारी बाई राणी होते, अशी गोष्ट. कपड्यांच्या दुरुस्तीचं काम भावाला मिळालं. पहिल्यांदा ही एक कॉलर पोचवायला गेली आणि दारातूनच परत फिरत होती, तेवढ्यात कपडे सांभाळणाऱ्या मावशींनी हाक मारली. मावशी साठी उलटलेल्या, आवाज करवतीसारखा, तीस वर्षं पडद्यामागे काढलेल्या.

"ए, पळतेस कुठं? हे टोक धर. तिकडं तीन कडवी होईपर्यंत इकडं मासळीवालीची राणी करायची असते मला."

हिने टोक धरलं. राणी झालेली बाई प्रकाशात गेली आणि गायला लागली.

समोर बसलेल्या लोकांना गाणं तोंडाकडून ऐकू येतं. हिला ते पाठीकडून दिसलं. झग्याच्या पाठीवर अकरा हुक, आणि त्यांच्यामागे बाईच्या फासळ्या कशा भात्यासारख्या फुगत होत्या! वरच्या सुरावर पोचताना पाचव्या-सहाव्या हुकापाशी कापड ताणलं, श्वास तिथे अडला आणि सूर थोडा आधीच सुटला. बाकी कुणाला कळलं नसेल. हिला कळलं. दुसऱ्या दिवशी हिने न सांगताच दोन्ही बगलांतली माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, अर्धा अर्धा इंच सोडली. त्या संध्याकाळी सूर लांबला, लांबतच गेला आणि हिच्या दंडावर काटा आला. गाणारी बाई आत येऊन म्हणाली, "आज काय झालं कुणास ठाऊक, श्वास पुरला!" बडबडी टाचण्या चघळत जमिनीकडे बघत राहिली. 

त्यानंतर हिला सगळं नाटक पाठ झालं. मशीन जोरात चाललं की त्याच्या आवाजाखाली ही गुणगुणायची. मशीन थांबलं की हीही थांबायची.

पण दुरुस्ती संपली. आता नाटकगृहात जायला कारण उरलं नाही. "मावशी, नुसती बसू का?" एवढे चार शब्द बोलायचे होते. ते शब्द ही तीन दिवस तोंडात घोळवत होती. तेवढं बोलण्यापेक्षा हिला दुसरंच सोपं वाटलं. हुक शिवताना शेवटी गाठ मारतात. ती मारली नाही, की दोऱ्याचे वेढे दोन-तीन प्रयोग तग धरतात, मग हळूच सरकतात. हुक लोंबायला लागतो आणि दुकानात निरोप येतो.

तीनदा निरोप आला. तीनदा हिने तोच हुक परत तसाच बिनगाठीचा लावला आणि विंगेत बसून नाटक बघितलं.

आजचा हा चौथा निरोप. हिने हुक लावला. गाठ नाही मारली.

शनिवारी दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात राणीने हात वर केले, वरचा सूर धरला आणि मधला हुक सुटला. त्याचा ताण शेजारच्या दोघांवर गेला, ते निघाले, आणि पाठ मधोमध उघडी पडली. बाईने एका हाताने झगा धरून गाणं पुरं केलं. पण कुणीतरी फिसकन हसलं, आणि एक हसला की सगळं नाटकगृह हसतं.

झगा शिवायला बडबडीला तातडीनं दुकानातून बोलावलं. मॅनेजर विंगेत आला तो मावशींवरच. "डोळे गेलेत तुमचे! हुक अर्धवट लावून बाईला बाहेर ढकललंत!"

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "राहिला असेल. घाई होती. राहिला असेल माझ्याच हातून."

"सोमवारपासून घरी बसा."

मग तो बडबडीकडे वळला. "तुम्ही याल रोज? विंगेत बसायचं, कपड्यांचे बदल करून द्यायचे."

हिच्या तोंडात टाचण्या होत्या. हिने मान हलवली. होकारार्थी.

रविवारी ही दिवसभर मशीनवरून उठली नाही. भाऊ आपला खूश. "कामाची माणसं ओळखतात ते!" हिने एकच बाही दोनदा शिवून दोनदा उसवली.

सोमवारी दुपारी मावशी नाटकगृहात कपड्यांच्या ट्रंकेच्या किल्ल्या द्यायला आल्या. कुठला कपडा कुठल्या खुंटीला, कुणाला बूट चावतो, कुणाला घाम फार येतो, सगळं सांगितलं. एकही चूक नाही. मग किल्ल्या हातात ठेवताना म्हणाल्या, "सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नजर ठीक आहे म्हणाला. म्हणजे माझे हातच गेले गं."

दोन्ही हात पुढे धरून त्या उलटसुलट बघत होत्या, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"हात नाही गेले," बडबडी म्हणाली.

"राहू दे. समजूत नको घालूस."

"मी गाठ मारली नव्हती. मुद्दाम. दर वेळी."

मावशी ट्रंकेवर बसल्या.  "का पण?"

"हुक सुटला की बोलावता. मग गाणं ऐकायला मिळतं."

"अगं भवाने, विचारायचंस की! ही एवढी ट्रंक पडलीये बसायला!"

हिला रडू आलं. मावशींनी हिचे डोळे पुसले नाहीत, पाठीवरून हातही फिरवला नाही. "मला सांगून काय उपयोग? चल, त्याला सांग."

तालमीला सगळे रंगमंचावर जमले होते, पंधरा-वीस माणसं. बडबडी मध्ये उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली.

"ऐकू येत नाही," मॅनेजर म्हणाला.

"बाई, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या आवाज!" कोरसमधला एक जण हसत म्हणाला. त्याला काय माहीत.

हिने श्वास घेतला. "हुक मी कच्चा लावला होता! मुद्दाम! गाणं ऐकायला मिळावं म्हणून! मावशींची चूक नाही!"

आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. कोरसवाला हसायचा थांबला. मॅनेजरने किल्ल्या हिच्या हातातून काढून मावशींना दिल्या आणि दाराकडे बोट केलं. गाणारी बाई हिच्याजवळ आली. "तुझ्या हौसेपायी चारशे माणसं मला हसली," एवढंच म्हणाली, हळू आवाजात. हिला शिवीगाळ चालली असती.

नाटकाचं काम भावाच्या हातून गेलं. भाऊ दोन दिवस बोलला नाही. वहिनी बोलली, पुष्कळ बोलली. आणि आता हिने शिवलेला प्रत्येक कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी वहिनी दोन्ही मुठींनी ओढून बघते, गिऱ्हाइकासमोर. ही बघते आणि पुढचा कपडा मशीनखाली घेते. 

आठवड्याने मावशी दुकानासमोरून गेल्या. थांबल्या नाहीत. पण आत बघितलं.

हिने मान खाली घातली. समोर एका वाढत्या मुलीचे सहा परकर होते, सगळ्यांची दुमड उसवून दोन-दोन बोटं लांबवायचे होते. हिने पहिला उलटा केला आणि दुमडीत कात्रीचं पातं घातलं.