शमीममावशींचा हात

चिमट्यात रेझिस्टर धरला की शमीममावशी श्वास रोखायच्या. मोहरीहून लहान तो तुकडा. नुसत्या उच्छ्वासानं उडून जायचा. तो बोर्डावर बसला की श्वास सोडायच्या आणि लगेच कुणाची तरी फिरकी घ्यायच्या.

पिरंगुटच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मी वाशिमहून सुपरवायझर म्हणून आलो, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. कागदावर इंजिनिअर, पण एवढे बारीक भाग कधी सोल्डर केले नव्हते. मावशींनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "काय वो सायेब, भात लावताय का? एवढा चिखल कशाला?"

मग जेवणाच्या सुट्टीत त्या मला भंगारातल्या बोर्डांवर शिकवू लागल्या. "आदी एकाच टोकाला टाका द्या. वाकडं बसलं आसंल तर तवाच सरळ करा. मग दुसरं टोक." माझे टाके मळकट, गोळा झालेले; त्यांचे चकचकीत, कडेला अलगद उतरणारे. "सोल्डर बगून हात वळकते मी," त्या म्हणायच्या. "पोरींचा बी आन् तुमचा बी."

एकदा माल लवकर पाठवायचा होता. मी सहा बोर्ड स्वतः केले आणि मावशींच्या ट्रेमध्ये ठेवले. ट्रेवर त्यांचा नंबर होता. ते सहाही ग्राहकाकडून परत आले.

मॅनेजरनं मावशींना बोलावलं. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी एक बोर्ड भिंगाखाली धरला, बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कच्ची होती, हे त्यांना ठाऊक होतं. मी मान खाली घातली.

"मावशी, डोळे गेले का तुमचे?" मॅनेजर म्हणाला.

"व्हय, गेलं आसतील."

त्या कंत्राटी कामगार. उद्यापासून येऊ नका, एवढंच त्यांना सांगितलं गेलं. निघताना स्वतःचा चिमटा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता तरी नीट शिका, सायेब."

पौडला त्यांचं घर होतं. खरं सांगायला म्हणून मी किती वेळा पौडच्या स्टँडवर उतरलो आणि तसाच परतीच्या एसटीत बसलो. तीन वर्षांनी त्या वारल्याचं लाइनवरच्या बायकांकडून कळलं, तेव्हा मात्र घरापर्यंत गेलो.

त्यांच्या मुलीनं चहा दिला. म्हणाली, "अम्मी तुमचं नाव लई काडायची. म्हनायची, सायबाचा हात आता सुदारला आसंल."

मी "हो" म्हणालो. तेवढंच म्हणालो. चहा संपवला आणि उठलो.