निर्माल्याच्या खतात गेलेली घटपर्णी

शैलाताईंशी मी दोन वर्षं खोटं बोललो.

आज त्यांचं तेरावं झालं. आता लपवून काय करू?

ताई आमच्या वाघोलीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या शनिवार पेठेतल्या, कॉलेजच्या बॉटनी लॅबमधून रिटायर झालेल्या. बाल्कनीत त्यांची लाडकी घटपर्णी. पानांच्या टोकांना छोटे घट लोंबतात, त्यात किडे पडतात, झाड ते पचवतं.

तिची एक फांदी त्यांनी मला दिली.

"अहो शिंदे, ऊस नाहीये हा. खत घालू नका. मुळांना फक्त ओल आणि हवा. जेवणाचं तिचं ती बघेल."

मी मान हलवली.

पण मी गावाकडचा माणूस. पाहुणीला उपाशी कसं ठेवायचं? काळी माती, शेणखत, वर देवाच्या निर्माल्याचं मूठभर खत.

पंधरा दिवसांत फांदी काळी पडली.

ताई भेटल्या की विचारायच्या, "काय, आमची लेक नांदतेय ना?"

"मजेत आहे, ताई."

"येते एकदा बघायला."

"लिफ्ट बंद आहे हो."

"तुमची लिफ्ट मी यायचं म्हटलं की बरी बंद पडते!"

रोज पूजेला बसायचो. रोज हेच आठवायचं.

आज दुपारी त्यांची मुलगी अनघा वर आली. हातात ओल्या कागदात गुंडाळलेले तीन तुकडे.

"काका, आई हॉस्पिटलमध्ये असताना झाड वाळलं. शेंडा तेवढा हिरवा होता. तुमच्या झाडाशेजारी लावा."

मी तुकडे हातात घेतले.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कोकोपीट घेऊ, नारळाच्या काथ्याचा भुसा? त्यात क्षार राहिले तर? शेवटी मांजरी गावातल्या नर्सरीतून मॉस आणलं, वाळवलेलं शेवाळ. भिजवलं, पिळलं, पुन्हा पिळलं. पाणी टँकरचं नाही, ताई वापरायच्या तसं एसीतून ठिबकलेलं, बाटलीत साठवलेलं. तुकडे खोचले, वर प्लॅस्टिकची पिशवी.

हात दोनदा खताच्या डब्याकडे गेला. डबा वॉचमनला देऊन टाकला.

मुळं फुटायला दोन महिने तरी लागतील. मी आत्ताच तीनदा पिशवी उघडून बघितली.

अनघा, तू हे वाचशील. माझ्याकडे दुसरं झाड नाही गं. आईच्या झाडाचे हे तीन तुकडेच उरलेत. जगले तर पहिलं रोप तुझं.

आणि ताई, माफ करा.

लिफ्ट चालू आहे. कधीही या.