धारवाल्यानं तपासलेले दात

चिखलीच्या बाजारात तो धारवाला सायकल स्टँडवर लावून पायडल मारायचा आणि धारेचा दगड फिरवायचा. मी दिलेल्या विळीचं पातं त्यानं दगडाला जेमतेम दोनदा टेकवलं, अंगठ्यानं अलगद चाचपलं आणि पाय थांबवला.

"अजून घासा ना, भाऊ," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो.

"काऊन, गुरुजी? आली ना धार."

मी नाराजीनंच त्याच्या माठातलं गार पाणी प्यालो, तशी दातांत कळ गेली आणि मी गाल धरून मटकन खाली बसलो. काय झालं, असं त्यानं विचारलं. कडक ब्रशनं रोज तीनदा, चांगला जोर लावून घासतो, तरी डॉक्टर म्हणतात दातांवरचं कवच झिजलं, हे मी त्याला अभिमानानं सांगितलं.

त्यानं माझ्या तोंडाकडे नाही, विळीकडे पाहिलं. "लय घासलं तं पातंच जाते, गुरुजी." मग हळूच म्हणाला, "पोरायलेबी असंच शिकवलं का?"

तीस वर्षं प्रार्थनेनंतर मी पोरांचे दात तपासले होते आणि "जोर लावून घासा" म्हणून ओरडलो होतो.

विळी उचलून मी निघालो. गार वारा दातांना झोंबत होता. तोंड बंद ठेवायला तेवढं निमित्त पुरलं.