चुडाव्याचं शेवटचं प्रकरण

निघताना आईच्या खोलीत डोकावले. ती खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. म्हणजे तोंडासमोर धरून बसली होती, आणि तेही उलटं. दीड वर्षापूर्वी काचबिंदूनं तिची दृष्टी पूर्ण गेली, पण ‘मला दिसत नाही’ हे शब्द तिनं एकदाही उच्चारले नव्हते. ‘वाचून दाखवू का?’ विचारलं की ‘नंतर’ म्हणायची, आणि तो नंतर कधी यायचाच नाही. हल्ली तर चहासुद्धा मागेनाशी झाली होती. माझी खरी भीती ती होती. माणूस काही मागेनासं झालं की घरात राहूनही निघून गेल्यासारखं वाटतं.

त्यातच परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याहून पत्र आलं होतं. आईनं चाळीसेक वर्षांपूर्वी एकच कादंबरी लिहिली. प्रकाशन संस्था बंद पडली, आमच्याकडची प्रत घर बदलताना हरवली. पत्र पुस्तकात छापलेल्या, आई पूर्वी शिकवायची त्या शाळेच्या पत्त्यावर गेलं होतं आणि तिथल्या शिपाईमामांनी ते घरी आणून दिलं. ‘आमच्याकडच्या पुस्तकाची शेवटची पानं नाहीत. पुढं काय झालं ते कृपया कळवावं,’ असं महानंदा नावाच्या बाईंनी लिहिलं होतं.

मी वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, “आठवत नाही,” आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला तरी कुठे ठाऊक होतं? कबूल करायला लाज वाटते, पण मी ती कादंबरी कधी वाचलीच नव्हती. ती आली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरातली भांडणं त्यात आहेत असं कुणीतरी म्हणालं, तेवढ्यावर मी ती कपाटात ढकलली. आता मात्र वाटलं, तीच वाचून दाखवली तर आई कदाचित ‘पुढं वाच’ एवढं तरी मागेल. पत्रावर फोन नंबर होता. फोन केला, आईच्या डोळ्यांचं सांगितलं आणि पुस्तकाची झेरॉक्स काढायला येऊ का विचारलं, तर पलीकडून लगेच उत्तर आलं, “या की ताई! विचारायचं काय त्यात?”

मी गणिताची निवृत्त शिक्षिका, वेळापत्रकाशिवाय मला श्वास लागतो. नाशिकहून सकाळची गाडी, चुडाव्यात तासभर, झेरॉक्स, रात्रीच्या गाडीनं परत, असं मी कागदावर आखून घेतलं होतं.

मानवत रोडला एक मावशी गाडीत चढल्या. मानवतच्या बाजारात कापूस घालून आल्या होत्या, लुगड्याला अजून कापसाचे धागे चिकटलेले होते.

“कुठं चाललाव, बाई?”

“चुडाव्याला.”

“अगं माय! ही गाडी तिथं थांबत न्हाई. पूर्णेला उतरा अन् टमटम धरा.” माझा कागद पाहून त्या मनसोक्त हसल्या. “कशाला लिव्हायचं येवढं? गाडी तर तिच्या मनानं जायलीय.”

त्यांनी पदरातून काढून दिलेल्या धपाट्याची चव मात्र माझ्या वेळापत्रकात कुठेच बसली नसती. त्या मावशींचे आभार मानायचे राहूनच गेले, ते इथे मानते.

पूर्णा हे मोठं जंक्शन. मी उतरले तेव्हा अर्धं गाव रेल्वेच्या शिट्ट्यांवर चालत असावं असं वाटलं. तिथून टमटममध्ये सहा जणांच्या जागेत दहावी म्हणून बसले. डिसेंबरचं मऊ ऊन होतं. दोन्ही बाजूंना केळी, हळदीची पिवळट पडत चाललेली पानं आणि शेंगांनी वाकलेली तूर.

महानंदा दारातच उभी होती. तिशीची, सावळी, कपाळावर भस्माची बोटं. “शरणार्थ, ताई,” (त्यांच्या शिवभक्त घरातला नमस्कार) असं म्हणून ती चक्क पाया पडली. ओसरीत तिच्या सासूबाई, गंगाबाई, शेंगा सोलत होत्या. त्यांच्यामागे पोथी ठेवायच्या लाकडी ठवणीवर लाल कापडात काहीतरी ठेवलेलं होतं. महानंदानं कापड बाजूला केलं आणि मी पाहतच राहिले. आईची कादंबरी! कव्हरवर आईच्या नावाच्या वर भस्माचे तीन पट्टे ओढलेले.

“आमचे मालक रेल्वेत होते,” गंगाबाई म्हणाल्या. “पूर्णेच्या बाकावर कोणीतरी इसरून गेलतं. तवापासून मागची पानं न्हाईतच.”

मी लगेच झेरॉक्सचं काढलं, तशी गंगाबाईंची शेंगेवरची बोटं थांबली.

“आजपासून पारायण चालू हाय, बाई. मधीच पोथी उठवत न्हाईत.”

“अहो, पण ही कादंबरी आहे.”

“असू द्या की. आमी वाचतो तर तशीच. परवा समाप्ती हाय, मग न्या. आई तुमची, फिकर आमाला बी हाय.”

झालं! वेळापत्रक ओसरीवरच निकालात निघालं. शेजारच्या काकूंना फोन करून आईची सोय लावली आणि जेवायला बसले. ज्वारीची गरम भाकरी आणि येसर (धान्य-मसाले भाजून दळलेल्या पिठाची आमटी) इतकं झकास होतं की राग टिकवणं अवघड गेलं.

दिवेलागणीला शेजारच्या चार बायका तुरीच्या शेंगा घेऊन आल्या. शेंगा सोलायच्या आणि ऐकायचं, अशी त्यांची रीत. पुस्तक माझ्यापुढे आलं. “आज लेखिकेची लेक वाचणार,” महानंदानं जाहीर केलं. कुणालाही न सांगता मी आईचं पुस्तक जन्मात पहिल्यांदा उघडलं.

दोन बहिणींची गोष्ट होती. वडील जातात आणि त्यांच्या पुस्तकांच्या कपाटावरून दोघी भांडतात. थोरली घर सोडून जाते. वाचता वाचता मला आजोबांचं कपाट दिसलं, आई दिसली, आणि जिच्या मृत्यूपर्यंत आई तिच्याशी बोलली नाही ती माझी मावशी दिसली. मी वाचता वाचता अडखळले. एका बाईनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, “निवांत वाचा, ताई. आमाला कुठं जायचंय?”

दुसऱ्या दिवशी शेतात तुरीच्या शेंगा तोडताना महानंदा आपणहून बोलली.

“माझं बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं. मग मी बोलणंच सोडलं. सहा महिने. एक दिवस सासूबाईंनी हे पुस्तक हातात दिलं. म्हणल्या, ‘मला वाचता येत न्हाई, तू वाचून दाखव.’ रोज बसायच्या माझ्या म्होरं. वाचायचं म्हणून तोंड उघडायला लागलं मला. समदं वाचून झालं, अन् मग एक दिवस बघते तर ह्या न्हाणीमागं बसून पेपर वाचायल्यात!”

“म्हणजे त्यांना येत होतं वाचायला?”

“सातवी पास हायत त्या,” महानंदा म्हणाली. हसताना तिचे डोळे भरले. “लय खोटं बोलल्या माझ्यासाठी.”

मग तिनं विचारलं, “ताई, थोरली परत येते का हो?”

मला खोटं बोलवलं नाही. मी आईचं पुस्तक कधी वाचलंच नव्हतं, हे सांगून टाकलं. तिनं माझ्या ओच्यात दोन मुठी शेंगा टाकल्या आणि म्हणाली, “आता वाचायलाव की.”

समाप्तीच्या संध्याकाळी छापील पानं दारावरच्या थापेशी संपली. थोरली बाहेर उभी आहे, धाकटी आत आहे, आणि पुढे काही नाही. तेव्हा महानंदानं एक वही उघडली. शेवट तिनंच लिहिला होता आणि दर पारायणाला तो वाचला जायचा. वाचन संपल्यावर गूळ-खोबरं वाटलं, आणि गंगाबाईंनी पुस्तक आणि वही दोन्ही माझ्या हातात ठेवली.

“झेरॉक्स काढून परत देते,” मी म्हणाले.

“झेरॉक्स आमाला द्या. आमाला दिसतंय. तुमच्या आईला दिसत न्हाई, त्यांच्या हातात खरं पुस्तक पायजे.”

महानंदा पूर्णेपर्यंत सोबत आली. झेरॉक्सच्या दुकानात लाइट गेली, दोन तास खोळंबा झाला, गाडी चुकली. दुसऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर निवांत चहा प्यायलो आणि मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर पुस्तक आईच्या हातात दिलं. तिनं कव्हरवरून बोटं फिरवली, बोटांना लागलेलं भस्म हुंगलं. ‘नंतर’ म्हणाली नाही. पाच दिवस मी वाचत राहिले. शेवटच्या दिवशी छापील पान संपल्यावर काहीही न सांगता वहीतलं वाचू लागले. धाकटी दार उघडते. काय बोलावं दोघींनाही सुचत नाही. मग धाकटी कपाटातून एक पुस्तक काढून थोरलीच्या हातात देते आणि म्हणते, “वाच. मला दिसत नाही.”

आई हसली. कितीतरी महिन्यांनी. “लबाड! चष्मा तिच्या डोक्यावरच असणार.”

मग वहीवर हात ठेवून म्हणाली, “हे माझं नव्हे. माझ्या पुस्तकात धाकटीनं दार उघडलंच नव्हतं. मी तेव्हा फार रागात होते गं तुझ्या मावशीवर. त्या मुलीला कळव, तिचाच शेवट खरा. माझ्या नावानं लिही.”

मी डोळे पुसत कागद शोधायला उठले, तर आईनं माझा हात धरला.

“पत्र लिहू सावकाश. आधी पहिल्या पानापासून वाच,” ती म्हणाली. “मला दिसत नाही.”