पेन्सिलीचे गुण

फोन आला तेव्हा मी एर्लांगेनच्या ऑफिसात, काचेच्या मीटिंग-रूममध्ये आठ जर्मनांच्या मधोमध बसलो होतो आणि एका स्क्रूवर तीन तास चर्चा चालली होती. माझ्या बोलण्याला माझी बायको मेधा कायम दोनने भागते, तेव्हा दीड तास धरा. पण स्क्रू खरोखर एकच होता. "आई गेली," मेधा म्हणाली. काचेपलीकडे लोक कॉफी घेऊन हिंडत होते, आणि समोरचं दार ढकलायचं की ओढायचं हेच मला सुचेना... आम्ही सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

माझ्या सासूबाई सांगलीतल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. अर्ध्या सांगलीला पाढे त्यांनी शिकवले आणि उरलेल्या अर्ध्या सांगलीला दुसऱ्यांदा शिकवले. कारण त्यांचा नियमच होता, पेपर जमला नाही तर परत द्यायचा, पाहिजे तितक्यांदा. गुण त्या पेन्सिलीने मांडायच्या, खोडता यावेत म्हणून. एका मुलाने अपूर्णांकांचा पेपर इतक्यांदा दिला की तोवर त्याला मिशा फुटल्या, आणि पास झाल्याचे पेढे त्याच्या बायकोने वाटले. (भागा दोनने.) बाकीचे शिक्षक भांडायला यायचे, की पहिल्याच खेपेला अभ्यास करून येणाऱ्यावर हा अन्याय नाही का. बाई विचारायच्या, त्याचे गुण मी कुठे कमी केलेत?

आमच्याकडे त्या नव्वद दिवसांच्या व्हिसावर यायच्या. गुडघे गेलेले, बाहेर बर्फ, त्यामुळे जर्मनी म्हणजे त्यांच्यासाठी आमच्या तीन खोल्या आणि खिडकीतून दिसणारा बसस्टॉप. एका हिवाळ्यात त्यांच्या जोडीला आणखी एक कैदी होती. आमची सई, आठवीतली. गणिताच्या पेपरात तिचं डोकं बंद पडलं, कोरी पानं देऊन आली आणि तिला सहा मिळाले. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे सगळं संपलं. दुसऱ्या एका विषयातही तोळामासाच होती. गणितातला हा सहाचा आकडा तसाच राहिला तर वर्ष जाणार होतं. इथे त्याला म्हणतात 'झिट्सनब्लायबेन', म्हणजे बसून राहणं. सासूबाईंना याची भारी गंमत वाटली. आपल्याकडे परीक्षेला बसतात, म्हणाल्या, यांच्याकडे परीक्षा झाल्यावर बसवतात. पण सई तीन दिवस खोलीचं दार लावून होती, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मला फर्मावलं, शाळेत चला, बाईंशी मी बोलते, तुम्ही फक्त भाषांतर करा.

ज्याचं बोलणं दोनने भागावं लागतं अशा माणसाला दुभाषा नेमू नये, हे त्यांच्यासारख्या हुशार बाईला कळायला हवं होतं.

गणिताच्या बाई, फ्राऊ केलर, सज्जन होत्या. खोली मात्र एवढीशी, हीटर भट्टीसारखा पेटलेला, आणि सासूबाई, सई आणि मी, तिघं ओळीने लहान मुलांच्या खुर्च्यांत रुतलेलो. पेपर परत देता येतो, त्या म्हणाल्या, पण फक्त आजारी असलेल्यांना. त्या दिवशी सईला बरं नव्हतं का? डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत तर बघता येईल. मी हे मराठीत सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना सांगा, तिला बरं नव्हतं असं नाही. तिला आलं नव्हतं. आलं नाही म्हणूनच परत द्यायचा ना पेपर? ज्याला आलं त्याला कशाला?"

एवढंच सांगायचं होतं. चार वाक्यं. पण समोर उघडं दार दिसत होतं, आणि मी जर्मनमध्ये म्हणालो, आजी म्हणतायत की पोरीला एकोणचाळीस ताप होता (आपल्याकडचा एकशे दोन), रात्रभर त्याच उशाशी बसल्या होत्या. वर ओल्या पट्ट्यांचीही फोडणी दिली.

सई दोन्ही भाषा जाणते. घरी आम्ही मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. तिने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जर्मनमध्येच म्हणाली, "मला ताप नव्हता."

फ्राऊ केलरनी वही मिटली. सहा तसाच राहिला, आणि जुलैत सई आठवीतच बसली.

बसमध्ये सासूबाईंनी एकच विचारलं, "फीबर म्हणजे फिव्हर ना हो?" घरी आल्यावर त्यांनी आपली वही काढली, पेन्सिलीने माझं नाव लिहिलं आणि पुढे 'भाषांतर' लिहून शून्य काढलं. म्हणाल्या, "सतीशराव, तुम्हाला परत बसवणार. मी बोलले तेवढंच सांगायचं. घाई नाही."

त्यानंतर दर मुक्कामात स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी परीक्षा व्हायची आणि सई तपासायची. एकदा मी भाषांतरात सासूबाईंना मुख्याध्यापिका केलं, एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. सई मान हलवायची, शून्य कायम. जमलं की फ्राऊ केलरसमोर जाऊन सांगायचं असं ठरलं होतं. शाळेवरून मी रोज सायकलने जातो. फाटकापाशी ब्रेक लागतो, पाय उतरत नाही. सई पुढे पास होत गेली, तिचं काही अडलं नाही. अडलो मी. शेवटच्या फोनवर, आवाज खोल गेलेला असतानाही, त्यांनी विचारलं होतं, "झालं का हो?" पुढच्या आठवड्यात नक्की, मी म्हणालो. तेही खोटंच...

वही मेधाने सांगलीहून आणली. शून्य अजून आहे, पेन्सिलीचं, पुसट. खोडरबर माझ्या घरातही आहे, पण तो चालवायचा हक्क मला नाही. परवा रविवारी मी टेबलाशी बसलो, वही उघडली आणि म्हणायला लागलो, तिला बरं नव्हतं असं नाही, तिला आलं नव्हतं, आणि आजी फार कळवळून... समोर सई होती. ती आता आजीच्या खुर्चीत बसते. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा मला मराठीत उत्तर दिलं.

"परत, बाबा. घाई नाही."

मी बसलेलोच आहे.