मागच्या सीटवरचं वजन

एग्मोर स्टेशनच्या मागच्या एका गल्लीत पद्मनाभरावांच्या वजनाला मान होता. माणसाच्या अकलेला, पैशाला, क्वचित गळ्यालाही मान मिळालेला आपण पाहतो. नुसत्या वजनाला मान मिळालेले हे एकटेच. एकशे अठ्ठावीस किलो. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा आपल्यापेक्षा खुर्चीलाच जास्त सुटल्यासारखं वाटलं असेल, असं ते स्वतःच सांगत.

ते दुसऱ्या मजल्यावर मुलीजवळ, हरिप्रियाजवळ राहत. खाली नागोजीचं चाकांचं दुकान. नागोजीही तंजावरकडच्या मराठी घरातला, त्यामुळे दोघं आपल्या बोलीत बोलत. त्याच्याकडे मोठाल्या गाड्या यायच्या. कंपनीची चाकं उतरवायची आणि बावीस इंची काळी चकचकीत अलॉय चढवायची, हा धंदा. गाडी ऐटबाज दिसते, पण चाक मोठं झालं की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये जागा उरते बोटभर. रिकाम्या गाडीत काही कळत नाही. माणसं बसली, मागचा भाग दबला आणि स्पीडब्रेकर आला, की टायर आत घासतो. हायवेवर तासन्‌तास घासत राहिला तर फाटतो, आणि पुढचं बोलायलाच नको. म्हणून नागोजीचा नेम होता, की मागच्या सीटवर चांगला भार घालून एक फेरी मारल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती द्यायची नाही.

भार आणायचा कुठून? दुकानातली दोन्ही माणसं काडीपैलवान. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी नागोजीनं सहज वर पाहिलं, तर गॅलरीत पद्मनाभराव उभे. पत्नी सीतालक्ष्मी जाऊन महिना झाला होता आणि ते दिवसभर त्या गॅलरीतच असत.

"मामा, रागावणार नाही तर एक विचारूं?" नागोजी म्हणाला.

दुसरा कोणी असता तर रागावला असता. पद्मनाभराव इस्त्रीचा सदरा घालून खाली आले.

तेव्हापासून महिन्यातून चार-पाचदा त्यांना बोलावणं येऊ लागलं. ते अगदी मागच्या रांगेत बसत, नागोजीची माणसं मधल्या रांगेत. गाडी दबली की नागोजी टायरच्या वर बोटं घालून पाही. दोन बोटं गेली तर ठीक. मग फेरी: शाळेची भिंत, ओळीनं चार स्पीडब्रेकर, पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळाचं वळण आणि परत. नऊ मिनिटं. पद्मनाभराव डोळे मिटून कान देत आणि उतरल्यावर सांगत, "घासत नाही," किंवा, "उजवीकडं घासलं." त्यांचं कधी चुकलं नाही.

पण त्या नऊ मिनिटांत ते आणखी काय करत, हे कोणाला ठाऊक नव्हतं. गाडी कुठे जाणार आहे हे मालक बोलता बोलता सांगत असे, आणि पद्मनाभराव तिथे आधी जाऊन येत. ऊटीला जाणारी गाडी असली, की शाळेच्या भिंतीपाशीच धुकं उतरायचं. रामेश्वरला जाणारी असली, की दोन्ही बाजूंना पाणी. जन्मभर बसमध्ये दोन जागा अडवणारा माणूस म्हणून कंडक्टरांची बोलणी खाल्ली होती, त्यामुळे प्रवासाचं नावच त्यांनी टाकलं होतं. आता मऊ सीटवर, कोऱ्या चामड्याच्या वासात, उरलेल्या वीतभर जागेत सीतालक्ष्मी बसलेली असे. एसीचा वारा सोसत नाही म्हणून पदर डोक्यावरून घेई. डबा उघडू का, विचारी. वळण आलं की त्यांच्या अंगावर कलंडे आणि तशीच राही. देवळाची घंटा ऐकू आली की ते डोळे उघडत, तोवर मुक्कामाला पोचून परत आलेले असत. सुख म्हणतात ते हेच असावं, असं त्यांना वाटे.

मग गेल्या वर्षी डॉक्टरांनी फर्मान काढलं. साखर वाढलेली, हृदयावर ताण. हरिप्रिया आईवर गेलेली, एकदा धरलं की सोडायची नाही. भात गेला, बटाटा गेला, चवीपुरतं लोणचंही गेलं. रोज संध्याकाळी ती वडलांना काट्यावर उभं करी आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवी. किलो उतरत गेले. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला आकडा शंभरच्या खाली आला. हरिप्रियाला आनंद झाला आणि पद्मनाभराव गप्प झाले.

कारण वजन गेलं तर खालून हाक कोण मारणार?

त्यांनी ते लपवलं. जुने ढगळ सदरे सोडले नाहीत. जिना आता हलक्या पायांनी उतरता येत होता, तरी नागोजी दिसताच कठडा धरून धापा टाकत. आणि नागोजी? त्याची नजर जन्मभर माणसांच्या गुडघ्याखाली, चाकांवर. रोज दिसणारं माणूस कसं झिजतं हे तसंही कोणाला दिसत नाही.

मार्च संपता संपता अड्यारहून तरुण नावाचा मुलगा काळी, सात जणांची गाडी घेऊन आला. नावाला जागणारा, उत्साही. बोलणं निम्मं इंग्रजी, निम्मं तमिळ, पण घरची आजी मराठी, त्यामुळे मोडकंतोडकं आपलंही. बावीस इंची चाकं चढली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं घर कुंभकोणमला निघणार होतं: आजी, आई-वडील, बहीण आणि तिची दोन लहान मुलं. "मुलं लास्ट रो," तो म्हणाला.

पद्मनाभराव मागे बसले. नागोजीनं बोटं घातली आणि खूश झाला.

"या गाडीच्या स्प्रिंगा भारी आहेत, मामा. तुम्ही बसून पण तीन बोटं जातात."

पद्मनाभरावांची कानशिलं तापली. आत्ता सांगावं, असं एक क्षण वाटलं. पण कुंभकोणम म्हणजे सीतालक्ष्मीचं माहेर. गाडी हलली आणि कावेरीकाठची भातशेतं सुरू झाली. सीतालक्ष्मी आज दोन्ही हातांत बांगड्या घालून आली होती आणि माहेरच्या गल्ल्या एकेक करून सांगत होती. कोपऱ्यावरचं पितळेच्या भांड्यांचं दुकान, तळ्याच्या पायऱ्या, तिची शाळा. स्पीडब्रेकर कधी गेले ते त्यांना कळलंच नाही.

"घासत नाही," उतरून ते म्हणाले. तरुणनं हात जोडले आणि गाडी घेऊन गेला.

संध्याकाळी हरिप्रियानं काट्यावर उभं केलं. "एक्क्याण्णव. अप्पा, सदतीस किलो उतरले. सदतीस म्हणजे काय, ठाऊक आहे? शेजारच्या शरण्याची दोन्ही मुलं मिळून होतील तेवढं."

ती हसत होती. पद्मनाभराव काट्यावरून उतरेचनात. दोन मुलं. त्यांनी ती गाडी दोन मुलं कमी करून तपासली होती, आणि वर कानही दिला नव्हता. उद्या त्याच सीटवर, त्याच चाकावर, खरीच दोन मुलं बसणार होती, आणि त्यांच्या पाठीमागे घरभराचं सामान.

पुढ्यात नाचणीच्या कांजीची वाटी आली, ती तशीच राहिली. सांगितलं तर ती सीट गेली, आणि सीटवर सीतालक्ष्मी होती; एकाच बाईला दोनदा निरोप द्यायचा म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळे. पद्मनाभराव रडले. मग तोंड धुऊन खाली गेले. कठडा धरला नाही.

नागोजी शटर ओढायच्या बेतात होता.

"नागोजी, मी एक्क्याण्णव किलो आहे," ते म्हणाले.

नागोजीला आधी कळेना. मग कळलं. त्यानं त्यांना पहिल्यांदाच पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

"केव्हांपासून?"

"शंभरच्या आत आलो पोंगलपासून. आणि आज मी ऐकलं पण नाही. डोळे मिटून बसलो होतो."

"सांगितलं नाही कसाला?"

"वजन गेलं म्हटल्यावर तू बोलावणार नाहीस. आणि मला कोणी बोलावत नाही रे, नागोजी. तूच बोलावतोस."

नागोजीनं शटर अर्ध्यावरच सोडलं. फोन काढून त्यानं तरुणला लावला: पहाटे निघताना सगळी माणसं, सगळं सामान घेऊन आधी इकडे ये, पाहिल्याशिवाय हायवेला लागू नकोस. फोन ठेवून शटर ओढलं आणि मामांकडे न बघता निघून गेला.

पहाटे सहाला गाडी आली. डिकीत बॅगा, फळांची टोपली, मागच्या रांगेत दोन झोपाळू मुलं. नागोजीनं बोटं घातली. एक गेलं, दुसरं अडकलं.

"हळू चालव. माणसाच्या चालीनं," तो तरुणला म्हणाला आणि डाव्या चाकाशी उभा राहिला. उजव्या चाकाला कोणी नव्हतं. पद्मनाभराव जाऊन तिथे उभे राहिले. नागोजीनं पाहिलं आणि नको म्हटलं नाही.

गाडी निघाली. उजेड नुकता फुटत होता, फुलवाल्या बाया टोपल्या सोडत होत्या, मोगऱ्याचा वास सबंध गल्लीत पसरला होता. पद्मनाभराव चाकाच्या बाजूनं चालत होते. सहा वर्षं याच रस्त्यानं ते ऊटीला गेले, रामेश्वरला गेले. शाळेच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे आहेत, हे आज दिसलं. काचेआड एक मूल त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. आज पद्मनाभराव डोळे मिटणार नव्हते. पहिला ब्रेकर, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यावरून मागचं चाक उतरलं आणि सुपात तांदूळ सरकावेत तसा बारीक आवाज आला.

"थांब," ते म्हणाले. "उजवीकडं."

नागोजीला ऐकू आलं नव्हतं. तरुणला तर नाहीच. तरी नागोजी रस्त्यावर आडवा झाला, टॉर्च लावली. आतल्या प्लास्टिकवर रेघ उमटली होती, करंगळीएवढी रुंद आणि ताजी.

मोठी चाकं उतरली, जुनी चढली. तरुणचं तोंड एवढंसं झालं. आजी मात्र पाऊल टाकून सहज आत चढल्या आणि म्हणाल्या, "अत्ता बरं. त्या डोंगरावर चढून माझे गुडघे गेले होते." गाडी देवळाच्या वळणावरून कुंभकोणमच्या वाटेला लागली. मागच्या सीटवर दोन मुलं होती, तिसरं कोणी नव्हतं. पद्मनाभराव वळणापर्यंत गेले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. जा, माहेरी जाऊन ये, असं ते मनात म्हणाले.

परत आले तेव्हा नागोजी फळीवर बसून एका कागदावर लिहीत होता. त्याचा राग गेला नव्हता आणि जायचं कारणही नव्हतं.

"पोंगलपासून अकरा गाड्या," तो म्हणाला. "अस्की, सगळ्याच, परत बोलावणार. सीटवर वाळूची पोती घालणार मी. तुम्ही बसायचं नाही, मामा. चाकाबरोबर चालायचं. अकराच्या अकरा."

पद्मनाभराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले.

"पहिली केव्हां?"

"उद्या दहाला," नागोजी वर न बघता म्हणाला.