गाडीत डाव्या अंगाले बसते

सानगडीला आमच्या घरी दोन बैल होते. त्यातला एक मेला त्या वर्षी दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. चिखलणीला जूच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला माझे वडील, असे ते चालले. आई दुसऱ्यांच्या बांध्यांत (धानाच्या शेतांत) रोवणीला जायची. उन्हाळ्यात आम्ही भावंडं मोहफुलं उकडून खायचो. घरात दुसरीच्या पुढे कोणी शिकलं नव्हतं. मी नागपूरच्या कॉलेजातून इंजिनियर झालो, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

आणीबाणी उठून दुसरा हिवाळा होता. नागपूरच्या एका गॅरेजात मी नोकरीला होतो. तिथे चिखला या खाणीच्या गावाहून एका डॉक्टरीणबाईंच्या कंपाउंडरचं पोस्टकार्ड आलं. बाईंकडे दोन बैठकांची परदेशी स्पोर्ट्स गाडी होती, तिच्याबद्दल. मजकूर एवढाच: 'गाडीत डाव्या अंगाले बसते. लवकर येजा.'

गाडी बसते म्हणजे कमानपाटे (स्प्रिंगेचे लोखंडी पट्टे) दमले, गाडी एका अंगाला खाली आली, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. 'गाडीत'मधला 'त' मी खेड्यातल्या माणसाच्या शुद्धलेखनाची चूक समजून सोडून दिला. डाव्या बाजूसाठी एक पाटा जास्त घातलेली कमान बनवून घेतली. धक्के झेलणारे नवे शॉकअप, पुढच्या चाकांसाठी एक लोखंडी दांडा आणि हत्यारं पोत्यात बांधून पॅसेंजर गाडी पकडली.

वरठीला कारखान्याचे कामगार उतरू लागले. एकजण माझ्या पोत्याला ठेचकाळला.

"काय जी, नांगर घेऊन चालले का?"

"मोटारीच्या कमानी आहेत. मी इंजिनियर आहे."

"मंग हमाल कुठी हाय तुमचा?" तो म्हणाला. सारा डबा हसला, मीही हसलो.

तुमसरहून एसटीने गोबरवाही, तिथून पायी चिखला. सकाळचे नऊ वाजून गेले तरी धुकं हललं नव्हतं. कापलेल्या बांध्या दिसत नव्हत्या, बोडी (लहान तलाव) दिसत नव्हती. पायाखालून मात्र एक बारीक थरथर येत होती. खाली खाण आहे, माणसं काम करताहेत, हे ठाऊक असूनही मी पावलं हलकी टाकायला लागलो.

गाडी अंगणात मोहाच्या झाडाखाली उभी होती. लाल, बुटकी, कापडी टप मागे सारलेला. कंपाउंडर तुळशीरामजी पन्नाशीचे. ते मला गाडी दाखवत भोवती फिरले आणि डाव्या दाराशी आल्यावर खाकरले. कुणाच्या घरात शिरताना बाहेरून खाकरतात, तसे. मला वाटलं, थंडीचा खोकला असेल.

मोजलं तर डावी बाजू दोन बोटं खाली. परातीत पाणी ठेवून जमीन तपासली, ती सपाट. चारी चाकांत हवा सारखी. मी मागच्या जुन्या कमानी दोन्हीकडच्या काढल्या. उजवीकडे तिचीच परत घातली, डावीकडे जास्तीच्या पाट्याची नवी. गाडी समतोल उभी राहिली.

"बघा," मी म्हटलं.

तुळशीरामजींनी मला जेवायला बोलावलं.

जेवायला लाखोरीची डाळ, भात आणि वांग्याची भाजी होती. हात धुऊन आलो आणि सहज पडताळून पाहावं म्हणून उजवी कमान पुन्हा काढून डावीकडच्या जुन्या कमानीशेजारी ठेवली. दोन्हींचा बाक सारखा. केसाचाही फरक नाही. डावी कमान दमलीच नव्हती. म्हणजे जास्तीचा पाटा घातल्यावर डावी बाजू वर उचलली जायला हवी होती. ती समतोल राहिली, याचा अर्थ तिच्यावर वजन होतं. जागा तर रिकामी होती.

"तुळशीरामजी, तुम्ही कार्डात काय लिहिलं होतं?"

"गाडीत बसते म्हून लिवलं ना जी."

"कोण बसतं?"

"नाव नाई घेत आमी." त्यांनी आवाज खाली आणला. "छपरावर कवेलू (कौलं) फेरून राहिला होता. पडला. बाईनं याच जागेवर बसवून तुमसरले नेला. दचके लय लागले त्याले. वाटंत नाल्यावरच्या रपट्याजवळ गेला. तुमसर आलंच नाई त्याच्यासाठी. मंग उतरन कायले?"

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"भूतबित मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण तो 'बाई, दचके नका देऊ' म्हणत होता, हे माझ्या कानात आहे. रक्त वाहत असताना हळू कशी चालवू? आणि जोरात चालवली की ही गाडी मणके मोडते. मला दोन्ही पाहिजे, जोर आणि मऊपणा. गावातल्या पार्वतीच्या पोटात मूल आडवं आहे. तिला आज ना उद्या तुमसरला न्यावंच लागेल. ती म्हणते, बैलगाडीत मरेन पण त्या जागेवर बसणार नाही."

मी जास्तीचा पाटा काढून फेकला. मागच्या दोन्ही कमानींतून एकेक पाटा कमी केला, म्हणजे खड्ड्याचा धक्का माणसापर्यंत पोचणार नाही. मऊ कमानीवर गाडी होडीसारखी डुलत राहते, म्हणून चारीकडे नवे कडक शॉकअप घातले. आणि वळणावर अंग कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांमध्ये तो दांडा जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काम संपलं. मोजलं. डावी बाजू आता तीन बोटं खाली.

"तुमीच त्याले घेऊन जा एक डाव," तुळशीरामजी म्हणाले. "दवाखान्यापाशी पोचले का दार उघडजा अन् सांगजा, आलं जी तुमसर."

"मी इंजिनियर आहे हो!"

"म्हूनच म्हणतो. तुमच्या कामाची परीक्षा त्याच्याकडूनच करून घ्या ना."

डाव्या बैठकीवर मी पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा घड्या घातलेल्या चादरीत रोवला आणि निघालो. धुक्यात समोर दहा पावलांपुरता रस्ता. वळणांवर मुद्दाम वेग ठेवला. गाडी रस्त्याला धरून राहिली. पण प्रत्येक वळणावर मला हाताला कळत होतं की शेजारी कोणीतरी तोल सावरतंय. रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग असं जड लागत नाही. रपटा आला. मी वेग कमी केला नाही. चाकं खड्ड्यात गेली, वर आली. शेजारून कोणी श्वास सोडावा तसा आवाज झाला. नवा शॉकअप असा आवाज करू शकतो. लोट्याकडे पाहिलं, चादर कोरडी होती.

तुमसरला दवाखान्यासमोर थांबलो. आजूबाजूला माणसं होती, लाज वाटली. तरी उतरून डावं दार उघडलं आणि हळू म्हटलं, "आलं जी तुमसर. उतरा."

कमान कुरकुरली. माझ्या डोळ्यांदेखत डावी बाजू वर आली. खिशातला टेप काढून मोजली. दोन्ही बाजू सारख्या.

एक चहावाला बघत होता. "कोणाले सोडून राहिले जी?"

"पेशंट होता," मी म्हटलं.

परतताना स्टिअरिंग हलकं होतं. चिखल्यात पार्वतीबाई अंगणातच बसल्या होत्या, कळा सुरू झालेल्या. तुळशीरामजी गाडीच्या डाव्या बाजूला गेले, थांबले. खाकरले नाहीत. त्यांनी दार उघडलं.

"बस माय. रिकामी हाय जागा."

पार्वतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दचके देईन का हे?"

"नाही देणार."

त्या बसल्या. बाईंनी गाडी धुक्यात घातली, आणि तिचा आवाज रपट्याच्या दिशेने कमी होत गेला.

संध्याकाळच्या एसटीने मी निघालो आणि नागपूरला पोचलो. गॅरेजात सगळं सांगितलं, कोणी मानलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी मोजलं तेवढंच लिहिलं आहे, आणि ते कशाने घडलं हे माझं शिक्षण मला सांगू शकलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तुळशीरामजींचं कार्ड आलं. ते मी अक्षर न अक्षर वाचलं. पार्वतीबाई आणि मुलगी, दोघी जगल्या होत्या.